लिहू नको, मले सांग

आमच्या हँगरमध्ये विश्वकर्मा पूजेला मी हात जोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही बाबासाहेबांची माणसं. पण म्हणून त्या दिवशी रजा टाकून घरी बसणंही मला जमत नाही. मग फार वर्षांपूर्वी मीच तोडगा काढला: पूजा तुमची, पॉलिश माझं. पूजेच्या आधीच्या रविवारी मी पंडरीच्या कापडबाजारात जातो, ठोक व्यापाऱ्याशी हुज्जत घालून पाच मीटर मऊ फलालीन आणतो आणि सतरा सप्टेंबरच्या सकाळी आमची पाचही विमानं अशी लखलखवतो की पंडितजी मंत्र म्हणता म्हणता पत्र्यात बघून स्वतःचं गंध नीट करून घेतात.

विमानं म्हणजे फार काही नाही, दोन माणसांची शिकाऊ विमानं. नाकावर पंखा आणि खाली ऑटोरिक्षासारखी तीन चाकं, एक पुढे, दोन मागे. रायपूरच्या माना विमानतळाच्या जुन्या बाजूला आमची शिकवणीची संस्था आहे आणि मी, देवीदास, तिथला दुरुस्तीचा इंजिनीअर. सरकारी लायसन्स आहे माझं. रोज सकाळी मी विमान तपासतो, सही करतो, सहीखाली लायसन्सचा नंबर घालतो, मगच ते हँगरबाहेर पडतं. बावीस वर्षांत हा नंबर इतक्यांदा लिहिलाय की बायको म्हणते, तुम्ही एखादे वेळी स्वतःचं नाव चुकाल, नंबर चुकणार नाही.

शिकणारं पोरगं विमान आपटतंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खरी रीत अशी की मागची दोन चाकं आधी टेकवायची आणि नाकाचं चाक सर्वांत शेवटी, अलगद. नवं पोरगं घाबरतं, नाक खाली दाबतं, पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान बेडकासारखं उडी मारतं. हे चाक ज्या पत्र्याच्या भिंतीला बांधलेलं असतं तिला आम्ही फायरवॉल म्हणतो. इंजिन तिच्या पुढे, माणसं तिच्या मागे. आपटण्याचा सगळा मार ती खाते. आत पत्रा चुरमडतो, रिवेट ढिले होतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

नियम सांगतो की असं झालं तर पायलटनं वहीत लिहायचं. प्रत्येक विमानाची एक वही असते आणि तीत बिघाडाचा रकाना असतो. त्यात काही लिहिलं की विमान उभं, मी उघडून बघेपर्यंत आणि सही करेपर्यंत. उत्तम नियम आहे. तो करणाऱ्यानं आमचे कॅप्टनसाहेब पाहिले नव्हते, एवढंच.

कॅप्टनसाहेब म्हणजे आमचे मुख्य शिक्षक. अकरा वर्षांपूर्वी एका पोरानं प्रामाणिकपणे वहीत लिहिलं की लँडिंग जोरात झालं. विमान तीन दिवस उभं राहिलं. साहेबांनी त्या पोराला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "हवाई जहाज उड़ाने आया है कि धान कूटने?" त्या दिवसापासून सगळ्या वह्यांत एकच शब्द दिसू लागला: निल. म्हणजे बिघाड काही नाही. पाच विमानं, तीस पोरं, आणि अख्ख्या वर्षात कोणाचंच चाक जोरात टेकलं नाही म्हणे! मी काही दूधखुळा नव्हतो.

मग मी एकेकाला बाजूला घेऊन सांगायला लागलो. "लिहू नको, मले सांग." नुसतं येऊन सांगायचं, किती जोरात बसलं आणि कोणतं चाक आधी टेकलं. मी दुपारी गुपचूप उघडून बघणार. काही निघालं तर माझ्या तपासणीत सापडलं असं मीच लिहिणार, तुझं नाव कुठे येणार नाही. पोरं येऊ लागली. दोनदा मी तडे पकडले, त्यातला एक तर असा होता की आणखी आठवडाभर ते विमान उडतं तर काय झालं असतं ते बोलायला नको. माझे वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचे आणि तडा गेलेलं चाक ओळखायचे. मी लोकांना सांगायचो, बाप चाकं ऐकायचा, मी पोरं ऐकतो. ह्याचा मला फार गर्व होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

रीना ह्या पोरांतलीच एक. तिचा बाप त्याच कारखान्यात होता, माझा जिवाचा दोस्त. ती सहावीत असताना तो गेला आणि तिच्या आईला, अंजनाबाईला, त्याच्या जागी रेल्वेत नोकरी लागली. पोरगी गणितात हुशार निघाली. पायलट हो, हे तिच्या डोक्यात मीच भरवलं, शिष्यवृत्तीचे कागदही मीच पुढे बसून भरून घेतले. अंजनाबाईचा जीव खालीवर होत होता. "भाऊजी, एवढ्या वर काही झालं त?" मी म्हणालो, "जहाज माह्या हातचं आहे, अंजनाबाई. तिले काही होत नाही." ज्या दिवशी रीना पहिल्यांदा एकटी उडाली त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या विहारात तिचा सत्कार झाला. तिनं दोन मिनिटांत आटोपलं. वरून नवा रायपूर म्हणजे रांगोळीचे ठिपके काढून ठेवलेत आणि रेघा ओढायला कोणी आलंच नाही असं दिसतं, म्हणाली. मी पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं. लोक जांभया देत होते, मला पर्वा नव्हती.

ह्या वर्षी पूजा दहा वाजता होती. आठपर्यंत उड्डाणं, मग बंद. सगळे पाने, पक्कडी, स्क्रूड्रायव्हर धुऊनपुसून विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे लाल कपड्यावर मांडले होते, त्यांना पूजेचा लाल नाडा बांधला होता. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळीच उचलायचं. मी हे मानत नाही, पण मोडतही नाही. दुसऱ्याच्या देवाशी कशाला भांडा.

आठ वाजता रीनाचं विमान परत आलं. पॉलिशचं तेवढंच राहिलं होतं. इंजिन जरा निवल्यावर मी त्याच्या पोटाखाली चटई टाकून उताणा पडलो. नाकाच्या मागे, पोटाच्या पत्र्यावर, रिवेटांच्या ओळीतून निघून मागे ओढल्यासारख्या पाच-सहा काळपट रेघा होत्या. एक्झॉस्टचा पाइप जवळच असतो, त्याची काजळी धरते कधीकधी. मी फडक्यावर पॉलिश घेतलं आणि त्या रेघा घासून काढल्या. शेवटची निघेना, तिच्यावर जरा जास्त जोर लावला.

तेवढ्यात रीनाचे बूट दिसले.

"काका."

"बोल, पोट्टी."

"आज जरा जोर से बसला, काका. पहिल्या चक्कर में. नाक आधी टेकलं, मग उछलला. मी परत वर घेतला. नंतरचे दोन लँडिंग ठीक झाले."

"किती जोरात?"

"दात वाजले माझे."

मी फडकं खाली ठेवलं नाही. हात चालूच होता. "बरं. पाहतो मी. पण आज नाही, आज पाने पूजेत बसले. उद्या सकाळी पहिले तुह्यंच जहाज पाहतो."

ती तिथेच उभी राहिली. एका बुटाचं टोक दुसऱ्या बुटाला घासत होती. "काका, बुक में लिख दूँ क्या?"

"लिहिते काहून? मले सांगितलं ना. जा, बुंदी खा."

"हव," म्हणाली आणि गेली.

मी पडल्या पडल्या तो पत्रा परत पाहिला. त्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी विसरलो, असं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. सकाळी सहाला मी आधी तेच विमान घेतलं. टायर पाहिला, नाकाच्या चाकाचा दांडा पाहिला, खाली वाकून टॉर्च मारला. सगळं आरशासारखं. इंजिनाचं झाकण काढून फायरवॉल नीट बघायची तर पाऊण तास लागतो. दोन विमानं आधीच दुरुस्तीला उघडलेली, पोरांचे उड्डाणाचे तास मागे पडलेले, आणि कॅप्टनसाहेब हँगरच्या दारात घड्याळ बघत उभे. "देवीदास, पूजा कल थी. आज काम होगा कि आज भी आरती?" मी मनात म्हटलं, काल ह्या पत्र्याच्या एकेका रिवेटवरून माझा हात फिरलाय. काही असतं तर हाताला लागलं नसतं का? दुपारी उघडू. मी सही केली आणि नंबर घातला.

त्या विमानात सौमित्र बसला. तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातलं हसरं, बडबडं पोरगं. पट्टा आवळतानासुद्धा त्याची बडबड चालू होती. दोन चकरा नीट झाल्या. तिसऱ्यांदा तो टेकला तो इतका हलका की मी दारातून बघत होतो आणि शाबास म्हणणार होतो. नाकाचं चाक टेकलं आणि आत दुमडलं. पंखा धावपट्टीवर घासला, ठिणग्या उडाल्या, विमान नाकावर घसरत गेलं आणि गवतात तिरपं होऊन थांबलं. मी धावलो. पन्नाशी उलटल्यावर इतका धावलो नव्हतो.

सौमित्र जिवंत होता. तोंड समोरच्या पॅनेलवर आपटलं होतं. जबडा मोडला होता आणि डाव्या डोळ्यात काच गेली होती. डोळ्याचं पंधरा दिवसांनी सांगू, असं दवाखान्यात म्हणाले. पायलट होऊ बघणाऱ्या पोराच्या आईला हे वाक्य कसं लागतं ते मी समोर उभं राहून पाहिलं आणि तिथून निघून आलो.

संध्याकाळी विमान ओढून हँगरमध्ये आणलं आणि झाकण काढलं. फायरवॉलचा खालचा भाग वापरून टाकलेल्या पत्रावळीसारखा चुरगळला होता. नाकाचा दांडा जिथे बांधतात तिथे तडा होता, अर्धा ताजा, चकचकीत, आणि अर्धा जुना, काळवंडलेला. तो काळा भाग बघितला आणि मला त्या रेघा आठवल्या. रिवेट ढिला झाला की हलतो, घासतो, त्याच्या कडेनं काळी भुकटी बाहेर येते आणि वाऱ्याबरोबर मागे ओढली जाते. आमच्या भाषेत, रिवेट धूर सोडतो. नव्या मेकॅनिकला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पोरगी मला सांगत होती आणि विमानही मला सांगत होतं. मी पोरीला बुंदी खायला पाठवलं आणि विमानाचं तोंड पुसून ठेवलं. आणि अवजाराला हात न लावायच्या ज्या नियमाच्या आड मी लपलो तो तर मी मानतही नाही. खरं कारण एवढंच होतं की पॉलिश रंगात आलं होतं आणि मला उठायचं नव्हतं.

शनिवारी वरून चौकशीचे अधिकारी आले. मवाळ माणूस, जाड चष्मा, प्रत्येक उत्तर टिपून झालं की पेनाला टोपण लावायचे. पोरांच्या ब्रीफिंगच्या खोलीत बसून त्यांनी एकेकाला बोलावलं. पहिला मी.

"दरार पहले की है," ते म्हणाले. "किसी ने आपको हार्ड लँडिंग की बात बताई थी?"

दोन दिवस मी मनात घोकत होतो की सगळं सांगायचं. टेबलावर माझी फाईल होती. वरच माझा लायसन्सचा नंबर, त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढलेली. मी त्या रेघेकडे पाहिलं आणि तोंडातून निघालं, "नहीं सर."

मी भ्यालो. ह्याला दुसरा शब्द नाही.

माझ्यानंतर रीना आत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. टॉवरवाल्यांनी तिचं विमान उसळताना पाहिलं होतं, त्यामुळे नाकारायला जागा नव्हती.

"हाँ सर, जोर से बैठा था," ती म्हणाली.

"तो बुक में 'निल' क्यों लिखा?"

अधिकाऱ्यांनी लगेच पुढचं विचारलं.

"मेंटेनन्स में किसी को बताया? देवीदास कहते हैं, उन्हें किसी ने नहीं बताया."

मला वाटलं, आता ती म्हणणार, खोटं बोलताहेत ते. शपथेवर सांगतो, तिनं तसं म्हणावं असंही मला वाटलं. म्हणजे सुटलो असतो.

"नहीं सर," रीना म्हणाली. "किसी को नहीं बताया."

"लिखकर दीजिए."

कागद सरकल्याचा आवाज आला. अकरा वर्षं मी पोरांना लिहू दिलं नव्हतं. आणि माझ्या हातची पोरगी पहिल्यांदा लिहीत होती ते खोटं होतं, आणि माझ्यासाठी होतं.

दुपारीच तिला निलंबित केलं. नोटीस बोर्डावर कागद लागला: धोका लपवला, सात दिवसांत खुलासा द्या, नाही तर नाव कमी होईल. सौमित्रचे दोस्त तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. एकानं तिच्या शिष्यवृत्तीवरून नको ते ऐकवलं. मी चार हातांवर होतो. एरवी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. हातातला पाना घट्ट धरून नुसता उभा राहिलो, कारण कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. सौमित्रचा जबडा तारांनी बांधला होता, एका डोळ्यावर पट्टी. बडबड बंद. उशाशी एक वही होती, तीत लिहून तो बोलायचा. मला बघून त्यानं वही ओढली आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'काका, माझं लँडिंग बरोबर होतं ना?'

"एकदम बरोबर होतं," मी म्हणालो. "मी पाहत होतो. तुह्यी काहीच चूक नाही."

त्यानं खाली लिहिलं, 'मग कोणाची?'

मी त्याची चादर सारखी केली आणि उद्या येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही.

कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, अंजनाबाई घरी आली. मागे रीना. अंजनाबाईच्या हातात पिशवी होती, पिशवीत चार सीताफळं. माझ्या बायकोनं पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. अंजनाबाई बसली नाही.

"भाऊजी, तुम्ही आमच्यासाठी काय नाही केलं! अन् ह्या पोट्टीनं तुमची मान खाली घातली. तुम्हाले एक शब्द सांगितला असता त त्या पोराचा डोळा वाचला असता ना?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"मी तिले विचारून विचारून थकली. काहून नाही सांगितलं काकाले? एकच धरून बसली, भीती वाटली म्हणते. कोणाची भीती? ज्याच्या खांद्यावर बसून जयंतीची मिरवणूक पाहत होती, त्याची?" ती रीनाकडे वळली. "पाया पड काकाच्या. माफी माग."

"राहू द्या, अंजनाबाई."

"राहू काहून द्या? तिचा बाप असता त त्यानं हेच करायले लावलं असतं."

रीना पुढे आली आणि वाकली. तिचे हात माझ्या पावलांना लागले. थंडगार होते. "काका, मला माफ करा," ती म्हणाली. माझ्याशी अर्धं हिंदी बोलणारी पोरगी, हे सगळं मराठीत म्हणाली. मग उठून तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे काळजी होती, माझी.

मी आत गेलो आणि मोरीत तोंड धुतलं, धूतच राहिलो. बायको मागे आली. "काय झालं जी?"

"काही नाही."

हेही निलच होतं.

त्या दोघी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, पॉलिशपासून दवाखान्यापर्यंत. ती पिशवीतून सीताफळं काढत होती. हात थांबला. "अन् तुम्ही तिले पाया पडू देल्लं?" एवढंच म्हणाली. काढलेलं सीताफळ तिनं परत पिशवीत ठेवलं आणि पिशवी खुंटीला अडकवली. ती कोणीच खाल्ली नाहीत.

सोमवारी अधिकारी परत जाणार होते. साडेनऊला मी ब्रीफिंगच्या खोलीत शिरलो. त्यांची बॅग भरलेली होती. कॅप्टनसाहेब समोर बसून चहा पीत होते.

"सर," मी म्हणालो, "रीना झूठ बोल रही है."

"मैंने तो पहले ही कहा था," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"उसने मुझे बताया था, सर. सतरा तारीख, सुबह सवा आठ. मैं उसी जहाज के नीचे लेटा था. उसने कहा, नाक पहले लगी. ये भी पूछा कि बुक में लिख दूँ क्या. मैंने मना किया. झूठ पहले मैंने बोला. उसने मेरा झूठ सँभाला."

कॅप्टनसाहेबांचा कप बशीवर वाजला. "देवीदास, सोच के बोलो. तबीयत ठीक नहीं है तो घर जाओ, आराम करो." बावीस वर्षांत ते माझ्याशी इतकं मऊ बोलले नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे त्यांनाही नकोय. एक पोरगी चुकली, हे कागदावर नीट बसतं. अकरा वर्षं अख्खी संस्था निल लिहीत होती, हे बसत नाही.

"सोच के ही आया हूँ," मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी टोपण काढलं. "मना क्यों किया?"

मी सांगितलं. धान कुटण्यापासून सुरुवात केली, कॅप्टनसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. माझी सगळी रीत सांगितली, त्या काळ्या रेघांचंही सांगितलं. ते त्यांना कोणत्याच तपासणीत सापडलं नसतं. अठरा तारखेला झाकण न काढता सही केली, तेही सांगितलं. ते लिहीत नव्हते, नुसते ऐकत होते.

"आप जानते हैं, इसका मतलब क्या है?"

"हव सर."

"लड़की ने भी गलत बयान लिखकर दिया है. उसका जवाब उसे देना पड़ेगा."

"देगी, सर. पर उसने छुपाया नहीं था. ये लिखा जाएगा ना?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आप लिखेंगे तो लिखा जाएगा," म्हणाले आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

खिडकीतून हँगरचं दार दिसत होतं आणि दारात उभं एक विमान. पूजेला लावलेलं कुंकू अजून त्याच्या नाकावर होतं, पत्रा अजून चमकत होता. मी खिशातून पेन काढलं. हात आपोआप मराठीत चालला, मी थांबवला नाही.

'रीनाने मला सांगितले होते. वहीत लिहू का, असेही विचारले होते. मी नको म्हणालो. विमानाच्या पोटावरच्या काळ्या रेघा मी स्वतः पुसल्या.'

खाली सही केली, आणि सवयीनं सहीखाली लायसन्सचा नंबर घातला.